आरसा नसलेला कॅमेरा आणि आजींच्या घराचा फोटो

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये लटकत ऐकताय की घरी निवांत बसून वाचताय, दोन्ही चालेल. नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. जे जसं बोललो ते बहुतेक तसंच ठेवलंय, मधला खोकला तेवढा काढून टाकलाय.

आज सांगायचाय इतिहास, पण सुरुवात आमच्या करंजाड्यापासून करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पनवेल शहर मागे टाकून गाढी नदीच्या पलीकडे आलात की करंजाडे. सिडकोनं आखलेले प्लॉट, एकाला एक लागून उभ्या राहिलेल्या इमारती आणि आता डोक्यावरून जाणारी विमानं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणं सुरू झाली. हा विमानतळ आज लक्षात ठेवा, शेवटी परत त्याच्याकडे यायचंय.

तर आमचा इथे दहा-बारा जणांचा फोटोवाल्यांचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे कर्नाळ्याला पक्षी टिपायचे, संध्याकाळी खाडीवर सूर्यास्त, आणि उरलेले सहा दिवस व्हॉट्सॲपवर भांडायचं. फुल फ्रेम घेऊ की क्रॉप? सोनी, कॅनन की फुजी? किट लेन्स विकून प्राइम घेतली तर पस्तावेन का? गेल्या वर्षी या भांडणात सगळ्यात पुढे मी होतो, कारण मला नवीन मिररलेस बॉडी घ्यायची होती. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. आईला अजून आकडा सांगितलेला नव्हता.

एके दिवशी कॅमेरा गळ्यात घालून खाली उतरलो, तर शेजारच्या आजींनी हाक मारली. आजी मूळच्या विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी एका गावातल्या. आता पुनर्वसनाच्या भूखंडावर बांधलेल्या घरात राहतात. माझ्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "बाला, तुजेकरं आमचे जुने घराचा फोटू हाय का?"

मी गप्प झालो. कारण तो फोटो मी काढला होता. एक नाही, त्यांच्या गावाचे शेकडो काढले होते. पण माझ्याकडे तो होता का? ते शेवटी सांगतो. आधी जरा दीड-पावणेदोन शतकं मागे जाऊ, कारण आजींचा प्रश्न फोटोच्या छंदाइतकाच जुना आहे.

मिररलेस नवीन आहे? छे!

एक गंमत सांगतो. आपण 'मिररलेस, मिररलेस' म्हणून नाचतो ना, तसे भारतात आलेले सुरुवातीचे कॅमेरे मिररलेसच होते. लाकडाची पेटी, पुढे लेन्स, मागे दुधी काच. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि काचेवर उलटं पडलेलं चित्र बघायचं. आरसा कुठेच नाही!

फोटोग्राफीची जाहीर घोषणा झाली १८३९ मध्ये, पॅरिसला. लंडनमध्ये हौशी आणि व्यावसायिक फोटोवाल्यांची सोसायटी निघाली जानेवारी १८५३ मध्ये. आणि आपल्या मुंबईत? ऑक्टोबर १८५४. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही भारतातली अशी पहिली संस्था. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हणजे आगगाडीची नवलाई ओसरली नव्हती, तोवर मुंबईकरांनी फोटोचा ग्रुप काढलासुद्धा. पुढच्याच वर्षी या सोसायटीनं स्वतःचं नियतकालिकही सुरू केलं.

सभासदांत गोरे लष्करी अधिकारी आणि कंपनी सरकारचे नोकर बरेच होते. पण आपले लोकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड, ज्यांच्या नावानं आज भायखळ्याचं संग्रहालय ओळखलं जातं, ते या सोसायटीत होते. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तर उत्तम फोटोग्राफर, ते सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकून बाहेर पडलेले हरिचंद चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक फोटोग्राफर झाले. म्हणजे 'फोटोग्राफी साहेबांनी आणली आणि आपण नुसते बघत बसलो' असं काही नव्हतं. पहिल्या दोन-तीन वर्षांतच आपली माणसं कॅमेऱ्याच्या मागे उभी होती.

त्यांचं भांडण, आपलं भांडण

आता त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं, पण कोणतं सामान घ्यायचं हा वाद होताच. तेव्हा निवड ब्रँडची नव्हती, पद्धतीची होती. तीन पद्धती होत्या, एकेक समजून घेऊ.

पहिली डॅगेरोटाइप. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट फोटो. इतका बारकावा की आजही बघताना थक्क व्हायला होतं. पण निगेटिव्ह नाही. एक फोटो म्हणजे एकच फोटो. दुसऱ्याला द्यायचा तर आपल्याकडचा द्यावा लागणार.

दुसरी कागदी निगेटिव्हची. इंग्लंडच्या टॅलबटनं १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कागद हलका आणि फुटायची भीती नाही. मेण लावलेला कागद तर आधी तयार करून प्रवासात नेता यायचा. बैलगाडीनं दऱ्याखोऱ्यांतून फिरणाऱ्याला सोयीचं. पण कागदाचा पोत फोटोत उतरायचा, त्यामुळे चित्र थोडं भुरकट दिसायचं. फायदा एकच, पण केवढा मोठा! एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता यायच्या.

तिसरी काचेची, म्हणजे ओल्या प्लेटची. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ती जाहीर केली आणि पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ती झपाट्यानं पसरली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. सगळा खेळ काही मिनिटांचा. द्रावणात इथर असतं, ते उडून जातं. मुंबईच्या मे महिन्यात काय होत असेल, विचार करा! शिवाय काचा, बाटल्या, पाणी आणि अंधार करायला तंबू, हे सगळं बरोबर न्यायचं. पण फोटो डॅगेरोटाइपसारखा स्वच्छ आणि प्रती कागदासारख्या भरपूर.

कोण जिंकलं? काच जिंकली. कारण तिनं दोन्ही दिलं, बारकावाही आणि प्रतीही. डॅगेरोटाइप दिसायला इतका देखणा असून मागे पडला, याचं एक मोठं कारण म्हणजे तो वाटता येत नव्हता. हे लक्षात घ्या. आपण सामान निवडताना विचारतो, 'फोटो किती शार्प येईल?' इतिहासात मात्र निकाल लागला तो 'फोटो कितीजणांना देता येईल?' यावर.

१८५६ चं इन्स्टाग्राम

डिसेंबर १८५६ मध्ये मुंबईत एक भन्नाट गोष्ट सुरू झाली. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक काढलं. ॲमॅच्युअर म्हणजे हौशी. दर अंकात तीन फोटो. छापलेले नाहीत हं! तेव्हा मासिकात फोटो छापायचं तंत्रच रुळलेलं नव्हतं. निगेटिव्ह उन्हात ठेवून कागदावर उतरवलेले खरेखुरे फोटो, प्रत्येक अंकात हातानं चिकटवलेले. समजा अंकाच्या शंभर प्रती काढायच्या, तर तीनशे फोटो उन्हात तयार करायचे, धुवायचे, वाळवायचे आणि डकवायचे. पावसाळ्यात हे कसं जमवत असतील, या विचारानंच मला घाम फुटतो. तरी अल्बम १८५८ पर्यंत चालला.

काय होतं त्यात? मुंबईच्या इमारती, देवळं, लेणी आणि माणसं. भाजीवाल्या, कोळी, पारशी, वाणी, वेगवेगळ्या जातींचे स्त्री-पुरुष. पुढे जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या लोकांवर दोन खंड प्रकाशित केले. त्यात त्यानं एक युक्ती केली. एका ठिकाणी काढलेल्या फोटोतली माणसं कापून दुसऱ्याच फोटोच्या पार्श्वभूमीवर बसवली. तुम्ही आज ॲपमध्ये बॅकग्राउंड बदलता ना, तेच. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, कात्री आणि डिंक घेऊन!

इथे मला थांबून एक प्रश्न विचारायचाय. हा अल्बम जायचा कुठे? वर्गणीदारांकडे. म्हणजे साहेबांच्या आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. फोटोतल्या कोळणीच्या झोपडीत तो पोचावा, अशी त्याची रचनाच नव्हती. फोटो तिचा, पण वाटून घेणारे दुसरेच. हौशी लोक एकमेकांना दाखवत होते, वाहवा करत होते. आता आमचा ग्रुप आठवा. मी भाजीवाल्या मावशींचा फोटो काढतो, इन्स्टावर टाकतो, मुंबई-पुण्याचे फोटोवाले लाइक करतात. मावशींना तो दिसतो का? मी कबूल करतो, बहुतेक वेळा नाही.

अजिंठ्याचा मेजर आणि लंडनची आग

आता जरा अजिंठ्याला जाऊ. कारण वाटला गेलेला फोटो आणि एकाच जागी ठेवलेली गोष्ट यांत काय फरक असतो, ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

रॉबर्ट गिल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातला अधिकारी. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत नकला करायचं काम मिळालं. लेण्यांत जेमतेम उजेड, वटवाघळं, आजारपण. त्यात वर्षानुवर्षं बसून त्यानं भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि गिलच्या बहुतेक नकला जळून खाक झाल्या. मोजक्याच वाचल्या. वीसेक वर्षांची मेहनत, एका रात्रीत.

पण मधल्या काळात गिलनं कॅमेराही हातात घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनचं भारतातल्या लेण्यांवर एक पुस्तक आलं, त्यात गिलचे ७४ फोटो होते. पुस्तकाच्या प्रती निघाल्या, विकल्या गेल्या, वेगवेगळ्या घरांत आणि ग्रंथालयांत पोचल्या. ते फोटो आजही बघायला मिळतात. रंग नाही, आकार तळहाताएवढा, भव्य कॅनव्हासपुढे अगदीच किरकोळ. पण ते एका जागी नव्हते, म्हणून एका आगीत गेले नाहीत. गिल शेवटी भुसावळला गेला, त्याची कबर तिथेच आहे.

असंच दुसरं उदाहरण कॅप्टन टॉमस बिग्जचं. १८५५ मध्ये मुंबई सरकारनं त्याला प्राचीन वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त पडेल, हा कंपनीचा हिशोब. विजापूर, ऐहोळे, बदामी असा तो फिरला, कागदी निगेटिव्ह घेऊन. प्रवास लांबचा, म्हणून हलकं सामान. बघा, त्यानंही 'सगळ्यात शार्प काय?' असं विचारलं नाही, 'मला जमेल काय?' असं विचारलं. ते फोटो १८६६ मध्ये मोठ्या ग्रंथांतून प्रसिद्ध झाले आणि म्हणून आज आपण ते अभ्यासू शकतो.

आरसा आला, आरसा गेला

मग हा आरसा आला कधी? १८६१ मध्ये टॉमस सटन नावाच्या इंग्रजानं आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. कल्पना साधी. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत ठेवलेल्या आरशावर पडतो आणि वर डोळ्याकडे वळतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि प्रकाश मागे फिल्मवर पडतो. लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसतं, हा मोठा फायदा. पण हे रोजच्या वापरात यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९५४ मध्ये जपानच्या असाहीफ्लेक्समध्ये फोटो काढल्यावर आरसा आपोआप खाली येऊ लागला. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि पुढची पन्नास वर्षं तो 'खटॅक' आवाज म्हणजेच खरा कॅमेरा, असं समीकरण झालं.

दरम्यान सामान्य माणसाकडे काय होतं? १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा, ते फोटो धुऊन आणि नवीन रोल भरून परत द्यायचे. कौशल्य नको, रसायनं नकोत, फक्त फोटो हवेत. जगातल्या बहुतेक लोकांना हेच हवं होतं.

आपल्याकडे १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. त्याच दशकात 'कॅमेरा पिक्टोरियालिस्ट्स ऑफ बॉम्बे' हा गटही काम करत होता. ही मंडळी मोठमोठे प्रिंट पोस्टानं देशोदेशीच्या प्रदर्शनांना पाठवायची. प्रदर्शनाला 'सलॉन' म्हणत. फोटो निवडला गेला की मागे त्या सलॉनचं लेबल लागायचं. प्रिंट फिरून घरी आला की लोक आधी पाठीमागची लेबलं मोजायचे. लाइक्सच त्या, फक्त डिंकानं चिकटवलेल्या.

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरा घेणं अवघड झालं. आयातीवर निर्बंध आणि वर जबर जकात. म्हणजे निवडीचा प्रश्नच नव्हता, आखातातून येणारा मामा जो आणेल तो आपला. नाहीतर फोर्टातल्या बोरा बाजारात जुना शोधायचा. मध्यमवर्गाच्या हाती पडला तो बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री. एका रोलवर १२ चौकोनी फोटो, झालं. उटीला १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी सुरू झाली, तिची 'इंदू' नावाची फिल्म यायची. आमच्या घरातही क्लिक थ्री होता. गणपतीत घातलेला रोल दिवाळी उलटून संक्रांतीला संपायचा. पण त्या १२ फोटोंतले पाच-सहा तरी कुणाकुणाला पोस्टानं जायचे. मागे निळ्या शाईत लिहिलेलं असायचं, 'चि. सौ. ताईस, सप्रेम'. आमच्या घरातल्या त्या काळातल्या प्रती पावसात कुजल्या. वाचले ते आत्याकडे पाठवलेले.

आणि मग आरसा गेला. सप्टेंबर २००८ मध्ये पॅनासॉनिकनं ल्युमिक्स जी १ जाहीर केला. आरसाही नाही, वरचा प्रिझमही नाही. सेन्सरला दिसतं ते थेट छोट्या पडद्यावर. २०१३ मध्ये सोनीनं ए ७ मध्ये हेच फुल फ्रेमला केलं आणि २०१८ मध्ये कॅनन, निकॉनही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले.

यानं नेमकं काय बदललं? दोन गोष्टी. एक, बटण दाबायच्या आधीच फोटो उजळ येणार की काळा, ते दिसतं. दुसरी माझ्या जास्त आवडीची. आरशाला जागा लागायची, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब ठेवावी लागे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नवीन झेडमध्ये १६. मधे जागा उरली की तिथे अडॅप्टर बसतो आणि जुन्या एसएलआरच्या बहुतेक लेन्स नवीन कॅमेऱ्यावर चालतात. फोकस हातानं करावा लागेल, पण चालतात. तर तुमच्या काकांच्या कपाटात बुरशी न लागलेली जुनी लेन्स असेल, तर नवीन घेण्याआधी ती मागून बघा.

वाटला म्हणजे कुठे ठेवला?

आता कोणी म्हणेल, 'मग काय प्रश्न आहे? आम्ही तर रोजच शेअर करतो.' थांबा. ऑर्कुट आठवतंय का? तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. वेळेत उतरवून न घेतलेले अल्बम गेले. फ्लिकरनं २०१८ मध्ये जाहीर केलं की फुकट खात्यात १००० च फोटो राहतील. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. यात फसवणूक नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण एका कंपनीच्या एका खात्यात ठेवलेला फोटो म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेला कॅनव्हास. हजारो लोक येऊन बघून जातात, पण प्रत कुणाच्याच घरी जात नाही.

दाखवणं वेगळं आणि देणं वेगळं. गिलचे कॅनव्हास दाखवले गेले, फोटो दिले गेले. काय उरलं, ते आपण पाहिलं.

आजींचा फोटो

आता परत आजींकडे. विमानतळासाठी तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावं उठली. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. फेब्रुवारी २०१८ मध्ये भूमिपूजन झालं. त्याच सुमाराला मी पहिला मिररलेस घेतला होता, मित्राकडून सेकंडहँड. नवीन खेळणं हातात, आणि समोर मोडणारी गावं. मी मित्राबरोबर तीन-चार रविवार गेलो. उघडी पडलेली चौकट, अर्धी भिंत, भिंतीवरचा निळा रंग, दारातली तुळस. 'काय टेक्स्चर आहे!' असं आम्ही म्हणत होतो. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते. घरातली माणसं टेम्पोत सामान भरत होती आणि आम्ही टेक्स्चर बघत होतो.

सहाशेच्या वर रॉ फाइल्स होत्या, सगळ्या एका हार्ड डिस्कवर. २०२१ मध्ये ती डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. दुसरी प्रत ठेवली नव्हती, चूक माझीच.

आजींनी विचारलं त्या रात्री मी ग्रुपवर मेसेज टाकला. माझ्या जुन्या फोनमधल्या गप्पा केव्हाच गेल्या होत्या. पण एका मित्राच्या फोनमध्ये माझे नऊ फोटो निघाले, २०१८ मध्ये मीच शायनिंग मारायला पाठवलेले. व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेले. त्यातल्या एकात आजींचं घर होतं.

फोटोची मोठी बाजू १६०० पिक्सेल. ग्रुपमध्ये आम्ही अशा फोटोला हसतो. पण हिशोब करा, ६ इंचांच्या प्रिंटला इंचामागे २६६ पिक्सेल मिळतात. सहा बाय चारच्या प्रिंटला एवढं पुरतं. पनवेलला जाऊन प्रिंट काढला, बेकरीतल्या दोन खारींच्या किमतीत.

आजींनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मला वाटलं होतं की घर बघतील. त्यांनी बोट ठेवलं ते कोपऱ्यात, जिथे मला फोकसच नव्हता. दारापाशी उलटं ठेवलेलं जातं दिसत होतं. ते सामान हलवताना राहून गेलं होतं. सासूबाईंचं होतं म्हणाल्या. मग फोटो पदरानं पुसला आणि म्हणाल्या, अजून पाच काढून आण, चार लेकी आणि एक मुलगा.

पाच आणले. म्हणजे आता तो फोटो सहा घरांत आहे. माझी कोणतीही हार्ड डिस्क जेवढी टिकेल त्याहून जास्त टिकेल, असं मला वाटतं.

मग कॅमेरा कोणता घेऊ?

हा प्रश्न तुम्ही मेसेजमधून नेहमी विचारता, म्हणून शेवटी सरळ उत्तर देतो. आधी ठरवा की फोटो जाणार कुठे. फोनच्या पडद्यावर आणि सहा बाय चारच्या प्रिंटवर जाणार असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा सेकंडहँड मिररलेसही भरपूर झाला. तुमच्या हातातला फोनसुद्धा चालतो. कर्नाळ्याचे पक्षी हवे असतील तर पैसे बॉडीत नका घालू, लांब लेन्समध्ये घाला. भिंतीएवढा प्रिंट लावायचा असेल किंवा लग्नांची कामं घेणार असाल, तर मोठ्या सेन्सरचा विचार करा. आणि जे काही बजेट असेल त्यातून दोन गोष्टी आधी बाजूला काढा. एक, दुसऱ्या हार्ड डिस्कचे पैसे. दोन, महिन्याला दहा प्रिंटचे पैसे. ते प्रिंट स्वतःसाठी नाहीत, ज्यांचा फोटो काढला त्यांच्यासाठी.

मी ती नवीन बॉडी घेतली का? अजून नाही. जुनाच कॅमेरा घेऊन आता रविवारी आम्ही तिघं-चौघं करंजाड्यातल्या घरांत जातो. उठलेल्या गावांतल्या लोकांकडे ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, गादीखाली जुने फोटो असतात. क्लिक थ्रीचे चौकोनी, स्टुडिओतले, लग्नातले. आम्ही ते खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्यानं टिपतो, मूळ फोटो तिथेच परत देतो आणि पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन देतो. ज्यांचे फोटो त्यांनी हो म्हटलं तरच एक प्रत आमच्याकडे ठेवतो. आतापर्यंत अकरा घरं झाली. ग्रुपमधलं भांडण थांबलेलं नाही, फुल फ्रेम की क्रॉप ते चालूच आहे. चालू दे. १८५४ पासून चालूय.

तुमच्याही फोनमध्ये कुणाचा तरी फोटो असेल, जो त्यांना कधी दिलाच नाही. आज हा भाग संपला की तो शोधा आणि पाठवा. जमलं तर कागदावर काढून द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या!